आधी बकरी काढा, मग ‘गोट’ म्हणा

भिवंडीत परकी भाषा कोणती, हे मूल कुठल्या वस्तीतून शाळेत येतं त्यावर ठरतं. पद्मानगरातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात. ही कुटुंबं मागाच्या कामासाठी तेलंगणातून इथे आली. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या घरी उर्दू असते आणि तिच्या जोडीला भोजपुरी किंवा अवधी. गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरांत कोकणी वळणाची बोली, काल्हेर-कशेळीकडे आगरी, तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी. पुस्तकातली मराठी यांतल्या कित्येक मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशी नवीच असते. इंग्रजी तर बहुतेक सगळ्यांनाच नवी.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठीही सक्तीची झाली. बालभारती आठ भाषांत पाठ्यपुस्तकं काढते, त्यांत उर्दू आणि तेलुगू दोन्ही आहेत, म्हणजे घरच्या भाषेत शिकण्याची सोय आहे. तरीही भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या सहा वर्षांच्या मुलीसमोर काय काय येतं ते पाहा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूतलेच आकडे पुन्हा डावीकडून. उर्दूची अक्षरं शब्दात जोडली गेली की रूप बदलतात, इंग्रजीत मोठी आणि लहान अशी दोन रूपं असतात, देवनागरीत काना-मात्रा चारही बाजूंनी येतात. संध्याकाळी मकतबात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, अरबी अक्षरओळखीचा ‘कायदा’ असतो, तो वेगळाच. एवढं सगळं ज्या हातानं पेलायचं, त्या हातात पेन्सिल नुकती कुठे नीट बसू लागलेली असते.

अशा वर्गात इंग्रजीचा तास बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीनं चालतो. फळ्यावर ‘ए फॉर ॲपल’, सगळ्यांचा एका सुरात गजर, मग वहीत दहा दहा वेळा लिहिणं. एलिफंटचं स्पेलिंग धडाधड म्हणणारी मुलं भरपूर भेटतात. त्याच मुलांना हत्तीबद्दल इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला की ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहतात. त्यांच्या बुद्धीत काही कमी नाही. त्यांना शब्द मिळालेला असतो, पण त्या शब्दानं सांगण्यासारखं काही त्यांच्याजवळ त्या क्षणी नसतं. सांगण्यासारखं काहीतरी चित्रातून येतं. म्हणूनच परक्या भाषेच्या तासात चित्राची जागा पहिली आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे ते शेवटच्या पाच मिनिटांत, ‘आता रंगवा’ एवढ्यापुरतं येतं.

चित्राला कुठल्याही बाजूनं सुरुवात करता येते, ही भिवंडीसारख्या गावात फार मोठी सोय आहे. घर काढताना कुणी छपरापासून सुरू करतं, कुणी दारापासून. उर्दूचं मूल आणि मराठीचं मूल शेजारी बसून एकाच कागदावर काढू शकतात, कुणाचीच दिशा चुकत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्की यांनी लेखनाकडे जाणारी मुलाची वाट हातवाऱ्यांतून, खेळातून आणि चित्रातून जाते असं दाखवलं. मूल आधी वस्तू काढतं. मग एके दिवशी त्याला उमगतं की आपण बोलतो तेही काढता येतं. ते उमगणं म्हणजेच लिहायला लागणं. हे ज्यानं समजून घेतलं तो शिक्षक रेघोट्यांना वेळेचा अपव्यय म्हणणार नाही.

परकी भाषा चित्रातून शिकवण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. मोराव्हियातल्या यान आमोस कोमेनियस या शिक्षकानं १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये ‘ऑर्बिस सेन्सुॲलियम पिक्टस’ नावाचं पुस्तक काढलं. ‘इंद्रियांना दिसणाऱ्या जगाचं चित्र’ असा त्याचा अर्थ. मुलांना लॅटिन शिकवायची होती आणि लॅटिन तेव्हा कुणाच्याच घरी बोलली जात नव्हती. कोमेनियसनं दीडशे चित्रं घेतली. प्रत्येक चित्रात वस्तूंवर आकडे घातले आणि खाली एका रकान्यात लॅटिन, दुसऱ्यात जर्मन वाक्यं दिली. वाक्यातल्या शब्दाशेजारी तोच आकडा. मूल चित्रातला आकडा बघतं आणि शब्दापर्यंत पोचतं. लगेच पुढच्या वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. भिवंडीकरांना विशेष वाटावं असं म्हणजे या दीडशे चित्रांत कापड विणण्याचंही एक चित्र आहे, माग आणि मागावर बसलेल्या विणकरासकट. कोमेनियसनं मुलांना राजे-रजवाड्यांआधी सुतार, लोहार, विणकर, शेतकरी यांच्या कामातली भाषा दिली. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती बहुतेक जण विसरतात. मुलांना ही चित्रं स्वतःच्या हातानं काढावीशी वाटली तर काढू द्या, उलट काढायला उत्तेजन द्या, असं तो म्हणतो. नुसतं दाखवलेलं चित्र आणि स्वतः काढलेलं चित्र यांतला फरक त्याला तेव्हाच कळला होता.

हा फरक प्रयोगशाळेत नीट तपासला गेला तो अगदी अलीकडे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी २०१६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना साधे शब्द एकेक करून दिले. काही शब्दांचं चित्र काढायचं, काही शब्द नुसते पुन्हा पुन्हा लिहायचे. वेळ दोन्हीला सारखाच, चाळीस सेकंद. नंतर अचानक विचारलं, कोणते शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द स्पष्टपणे जास्त आठवले. वेळ चार सेकंदांवर आणला तरी फायदा टिकला. चित्र चांगलं की वाईट, यानं फरक पडला नाही. दुसऱ्यानं काढलेलं चित्र नुसतं बघण्यापेक्षा आपण काढणं सरस ठरलं. कारण असं सांगितलं जातं की चित्र काढताना माणूस त्या वस्तूचा अर्थ मनात उलगडतो, हात ती हालचाल करतो आणि डोळे उमटत जाणारा आकार पाहतात. एकाच शब्दाला आत शिरायला तीन वाटा मिळतात. हे प्रयोग मोठ्या माणसांवर आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या शब्दांवर झाले, हे विसरून चालणार नाही. पण दहा वेळा लिहून शब्द पक्का होतो या आपल्या जुन्या समजुतीवर पुन्हा विचार करायला ते पुरेसे आहेत.

आता प्रत्यक्ष तास कसा होतो ते जवळून पाहू. दुसरी-तिसरीचा वर्ग, प्रत्येकाच्या पुढ्यात पाटी किंवा एका बाजूनं कोरा उरलेला कागद. बाई म्हणतात, ‘ड्रॉ अ गोट.’ बकरी भिवंडीत सगळ्यांनी पाहिलेली, सगळ्यांच्या ओळखीची. शब्द एकदा हातवारे करून, एकदा ‘मे मे’ करून सांगितला की पुरे. मुलं काढतात. बाई पुढे म्हणतात, ‘द गोट इज ब्लॅक.’ मुलं बकरी काळी करतात. ‘ड्रॉ अ ट्री. द गोट इज अंडर द ट्री.’ इथे निम्म्या वर्गाची पंचाईत होते, कारण झाड बकरीपासून लांब काढून झालेलं असतं. कुणी खोडून पुन्हा काढतं, कुणी झाडाची एक फांदी लांबवत बकरीच्या डोक्यावर आणतं. त्या खटाटोपात ‘अंडर’ हा शब्द जेवढा मुरतो तेवढा तो ‘अंडर म्हणजे खाली’ असं पाठ करून मुरत नाही. खटाटोप चालू असताना बाईंनी तेच वाक्य आणखी चार वेळा म्हणावं, कारण त्या वेळी प्रत्येक मूल ते खरोखर ऐकत असतं.

या साध्या खेळात व्याकरणाचे दोन अवघड भाग न सांगता येऊन जातात. पहिला म्हणजे ‘अ’ आणि ‘द’. मराठीत, उर्दूत, तेलुगूत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे मोठेपणीही आपली तिथेच चूक होते. नियम सांगायचा तर अर्धं पान लागतं. बाईंनी फक्त एवढं करावं: ‘ड्रॉ अ गोट’ असं दुसऱ्यांदा म्हणावं आणि दुसरी बकरी काढून घ्यावी. मग म्हणावं, ‘ड्रॉ अ बेल. पुट द बेल ऑन द ब्लॅक गोट.’ कुठली घंटा, कुठली बकरी, याचा विचार मुलाला करावाच लागतो. ‘अ’ म्हटलं की कागदावर नवीन काहीतरी येतं, ‘द’ म्हटलं की आधीच असलेल्याकडे बोट जातं. आठवड्याभरात मुलं ‘अ’ ऐकताच पेन्सिल कोऱ्या जागेकडे नेऊ लागतात. मला स्वतःला याहून स्वच्छ शिकवणं माहीत नाही.

दुसरा भाग शब्दांच्या क्रमाचा. ‘मुलगा पतंग उडवतो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. उर्दूतही आणि तेलुगूतही तसंच. इंग्रजीत ते मधे येऊन बसतं. तीन कार्डं करायची: एकावर मुलगा, एकावर पतंग, एकावर मांजा खेचणारे दोन हात. मराठी बोलताना हातांचं कार्ड शेवटी ठेवायचं, इंग्रजी बोलताना उचलून मधे आणायचं. मग कार्डं बदलायची. बाई आणि चहा, मांजर आणि दूध. मुलं जमिनीवर कार्डं सरकवतात आणि वाक्य मोठ्यानं म्हणतात. ‘कर्ता-क्रियापद-कर्म’ ही नावं पाचवी-सहावीत आली तरी काही बिघडत नाही.

या पद्धतीत मुलाला लगेच बोलायला लावलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. ते ऐकतं आणि हातानं उत्तर देतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात परकी भाषा शिकवताना विद्यार्थ्यांना आधी फक्त सूचना ऐकून कृती करायला लावलं: उठा, दारापाशी जा, खिडकी उघडा. बोलणं नंतर, आपसूक. घरात तान्हं मूलही ‘बॉल आण’ हे ऐकून चेंडू आणतं आणि ‘बॉल’ म्हणायला कितीतरी महिने घेतं. कागदावरची सूचनाही तसंच काम करते, आणि साठ मुलांच्या दाटीवाटीच्या वर्गात साठ मुलं दारापाशी नेण्यापेक्षा ती जास्त जमण्यासारखी आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे. जिथे ते होत नाही तिथल्या शिक्षकाला पाटीवरचं चित्र एक फार मोठी मदत करतं. वर्गात एक फेरी मारली की कुणाला कळलं आणि कुणाला नाही, ते न विचारता दिसतं.

आपल्या देशात याच दिशेनं झालेलं एक मोठं काम आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या सरकारी आणि अनुदानित शाळांत इंग्रजीचा एक प्रयोग केला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभरच्या भाषाशिक्षकांना ठाऊक आहे. त्यात व्याकरणाचे धडे क्रमानं शिकवले नाहीत. मुलांना सोडवायला कामं दिली: सूचना ऐकून आकृती काढा, तिच्या भागांना नावं द्या, नकाशात रस्ता शोधा, रेल्वेच्या वेळापत्रकातून कोणती गाडी गाठता येईल ते सांगा. मुलांचं लक्ष कामात गुंतलं की भाषा त्या कामाबरोबर आत जाते, असा प्रभूंचा विचार होता. मुलं आपापसात आपल्या भाषेत बोलली तरी त्यांना कुणी दटावत नसे.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजीच्या तासाला मातृभाषेवर बंदी घालणारे वर्ग आपल्याकडे अजून आहेत. चित्रावर बोलायचं तर मूल आधी आपल्या भाषेतच बोलणार, आणि ते बोललंच पाहिजे. समजा एका मुलानं रात्रीचा कारखाना काढला. त्यात दिवा आहे, माग आहे, बाप आहे, कोपऱ्यात एक मांजर आहे. तो घरच्या भाषेत मांजराची गोष्ट सांगतो: ते तिथेच राहतं, सुताच्या ढिगात झोपतं. बाई ती गोष्ट पूर्ण ऐकतात आणि तिच्यातले तीन-चारच शब्द इंग्रजीत देतात: कॅट, स्लीप, थ्रेड, नाइट. ‘द कॅट स्लीप्स ऑन द थ्रेड’ हे वाक्य फळ्यावर लिहून त्याच्या नावानं वाचलं जातं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हेच केलं होतं. मूल ज्याबद्दल आसुसून बोलतं तेच शब्द त्याला वाचायला द्यायचे. १९६३ च्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर लिहिलं. ॲपल भिवंडीच्या मंडईत मिळतं, पण मुलाच्या मनात रोज जे घोळत असतं ते सफरचंद नसतं.

महाराष्ट्रात या वाटेवर सर्वांत आधी आणि सर्वांत लांब चालल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्यांनी काम केलं तो आजचा पालघर जिल्हा तेव्हा भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी आपल्याकडे अशी आली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं. तिथली वारली मुलं वारली बोलत होती, शाळेची प्रमाण मराठी त्यांच्या कानाला परकी होती. महागडी साधनं आणायला पैसा नव्हता आणि गरजही वाटली नाही. बिया, शिंपले, दगड, पानं, माती यांनी मोजणी झाली, आकार झाले, चित्रं झाली, त्यांच्यावर बोलणं झालं. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात या सगळ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. परकी भाषा शिकवण्याच्या आपल्या चर्चेत इंग्रजीची पुस्तकं निघतात आणि कोसबाडचं नाव निघत नाही, याची मला खंत वाटते. प्रमाण मराठी वारली मुलापर्यंत कशी न्यायची हा प्रश्न आणि इंग्रजी भिवंडीच्या मुलापर्यंत कशी न्यायची हा प्रश्न, दोन्ही एकाच जातीचे आहेत.

बोर्डी आणि कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहेत, तिथलेच चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं बालपण इथे सांगायला हवं. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्यानं त्यांचं बोलणं थांबलं. कित्येक वर्षं ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत. पुढे त्यांची वारली चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. शाळेत नव्या भाषेच्या वर्गात बसलेलं मूलही काही काळ न बोलणारंच असतं. या न बोलण्याला भाषेचा अभ्यास करणारे ‘मौनाचा काळ’ म्हणतात, आणि तो काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असू शकतो. त्या काळात त्याच्या हातात खडू असावा एवढंच मागणं आहे.

भिवंडी आणि वसईकडच्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेनं नव्वदच्या दशकात भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांचं तात्पुरतं खोपटं. शाळाही तशाच खोपटात. हंगाम संपला की कुटुंब गावी परत. अशा मुलांच्या हाती वर्षातले थोडेच महिने येतात आणि पुस्तक बऱ्याचदा वाटेत हरवतं. त्यांच्यासाठी मातीचं काम, सारवलेल्या जमिनीवर खडूनं काढलेली चित्रं ही तर सगळ्यांत टिकाऊ साधनं आहेत.

आता भिवंडीच्या रस्त्यावर काय मिळतं ते बघू, कारण साधनं विकत आणायची म्हटली की शाळा मागे हटतात. यंत्रमागाच्या गावात पुठ्ठ्याचे कोन आणि रिकाम्या कांड्या मिळतात, चिंध्या मिळतात, रंगीत सुताचे गुंते मिळतात. कोनाला डोळे-नाक काढलं की बाहुली, दोन बाहुल्या झाल्या की संभाषण: ‘हॅलो’, ‘व्हेअर आर यू गोइंग?’ चिंध्यांतून रंग शिकवायचे तर छापील रंगतक्त्यापेक्षा जास्त छटा मिळतात. ‘गिव्ह मी अ डार्क ब्लू पीस’ अशी मागणी केली की मुलं ढिगात शिरतात आणि कुठला गडद, कुठला फिका यावर भांडतात. त्या भांडणातले अर्धे शब्द इंग्रजी असतात.

घरच्या मागाचंही चित्र काढायला सांगावं. विणकरांची मुलं असे बारकावे काढतात की पाहत राहावं. बीम, बॉबिन, शटल, मोटर, बेल्ट, सायझिंग हे शब्द कारखान्यात दिवसभर कानावर पडतात. ते इंग्रजी आहेत हे कुणी मुलांना सांगितलेलं नसतं. चित्रातल्या भागांना नावं लिहायला लावली की वर्गातलं सर्वांत गप्प मूल एकदम सर्वांत जास्त इंग्रजी जाणणारं ठरतं. कोमेनियसची दीडशे चित्रं याच धर्तीवर होती: आकडे, रेघा, नावं.

दुसरी खाण म्हणजे गोदामं. मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा या पट्ट्यात देशभराचा माल उतरतो आणि त्याची खोकी गावभर पोचतात. किराणा दुकानामागे, भंगारवाल्याकडे, घरात कपडे ठेवायला, सगळीकडे तीच. त्या खोक्यांवर बाण, छत्री आणि काचेचा पेला असे छाप असतात. वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा. छत्री म्हणजे पावसापासून जपा. पेला म्हणजे आतलं फुटेल, सांभाळून उचला. कुठल्याही देशातल्या हमालाला वाचता येवो न येवो, कळावं म्हणून ही चिन्हं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवलेली आहेत. शेजारीच इंग्रजीत ‘फ्रॅजाइल’, ‘धिस साइड अप’, ‘कीप ड्राय’ लिहिलेलं असतं. चौथीच्या वर्गाला एक खोकं द्यावं आणि चिन्हावरून शब्दाचा अर्थ काढायला लावावा. मग मुलांनी वर्गासाठी अशीच चिन्हं बनवावीत: इथे चपला काढा, पाणी जपून वापरा, दप्तर खाली ठेवा. चिन्ह आधी, इंग्रजी वाक्य खाली. वाक्य छोटं लागतं, हुकमी लागतं, आणि ते खरोखर भिंतीवर लागणार असतं म्हणून मुलं स्पेलिंग स्वतःहून विचारायला येतात.

मोठ्या मुलांसाठी नकाशा उत्तम. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता: धामणकर नाका, वऱ्हाळा तलाव, मंडई, कुठे उड्डाणपूल. एकानं नकाशा झाकून ठेवायचा आणि इंग्रजीत रस्ता सांगायचा, दुसऱ्यानं ऐकून काढायचा. ‘टर्न लेफ्ट’ आणि ‘टर्न राइट’ यांत गोंधळ झाला की विद्यार्थी तलावात जातो, आणि दोघंही नकाशे शेजारी ठेवून चूक कुठे झाली ते शोधतात. बाईंना लाल पेन उघडावंच लागत नाही.

‘मला चित्र काढता येत नाही’ असं अनेक शिक्षक म्हणतात. त्यांनी उलट निर्धास्त व्हावं. फळ्यावर एक वाकडी रेघ काढून थांबायचं: ‘व्हॉट इज इट?’ अ स्नेक, अ रोप, अ रोड, अ रिव्हर. आणखी एक रेघ. पुन्हा विचारायचं. हातात पेन्सिल धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं तर तो खोटा प्रश्न असतो, उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. अर्ध्या चित्राबद्दलचा प्रश्न खरा असतो, म्हणून उत्तरं धडाधड येतात. आणि शिक्षकाची बकरी कुत्र्यासारखी दिसली तर ‘नो, इट इज नॉट अ डॉग’ हे वाक्य आयतंच मिळतं.

मात्र चित्र आलं म्हणजे भाषा आली असं मुळीच नाही, आणि या पद्धतीचं वाटोळं होतं ते इथेच. छापील सफरचंदात चाळीस मिनिटं लाल रंग भरला, तास शांततेत गेला, सगळे खूश, आणि इंग्रजीचा एक शब्द कानावर पडला नाही. हा चित्रकलेचाही तास नाही आणि इंग्रजीचाही नाही. चित्राच्या आधी ऐकणं आणि चित्रानंतर बोलणं, यांतलं एक तरी नसेल तर ते काम इंग्रजीच्या तासाला करू नये. दुसरा घोटाळा नमुन्याचा. बाई फळ्यावर डोंगर, सूर्य, नदी आणि घर काढतात आणि चाळीस वह्यांत चाळीस सारखी घरं उमटतात. सगळ्यांचं सारखंच असेल तर एकमेकांना सांगायचं काय उरलं? आपल्याकडे चित्रकला म्हटलं की पालकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आठवतात, नीटनेटकं, सावलीसकट काढलेलं चित्र आठवतं. त्या परीक्षांचं मोल आहेच. भाषेच्या तासाला मात्र चित्राला गुण देऊ नयेत, सुबकतेला तर नाहीच. ज्याला सुरेख काढता येतं तोच पुढे आणि बाकीचे मागे असं झालं की मागच्यांचं बोलणंही बंद होतं.

काही गोष्टी चित्राच्या हातात नाहीतच. उच्चार कानानं येतो. उत्तर प्रदेशी वळणाचं मूल ‘इस्कूल’ म्हणतं, तेलुगू मूल बसला ‘बस्सु’ म्हणतं, मराठी मूल व्ही आणि डब्ल्यू एकाच ‘व’नं म्हणतं, यावर उपाय गाणी, टाळ्या, एकमेकांचं ऐकणं. वाचनासाठी अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर घालून द्यावीच लागते, चित्र बघून शब्द ओळखणं म्हणजे वाचन नव्हे. ‘का’, ‘जर’, ‘कदाचित’ यांची चित्रं निघत नाहीत, त्यासाठी गोष्टी आणि नाटुकली हवीत. चित्राचं राज्य पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठं असतं, पुढे ते लेखनाला जागा करून देतं. तसं ते दिलंही पाहिजे.

ती जागा करून देण्याचा भिवंडीला शोभणारा एक मार्ग आहे, आणि तो तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात या वर्षीच करता येईल. मुलांनी आपलं पुस्तक बनवायचं. आठ कागद मधे दुमडून सुई-दोऱ्यानं शिवायचे. इंग्रजी पुस्तक डावीकडून उघडतं, उर्दू पुस्तक उजवीकडून, म्हणून उर्दू शाळेतल्या मुलाच्या या पुस्तकाला दोन मुखपृष्ठं असतात, दोन्ही पुढची. एकीकडून त्याची गोष्ट उर्दूत सुरू होते, दुसरीकडून तीच इंग्रजीत, आणि मधल्या दुमडीवर दोन्ही पानं भरून एकच मोठं चित्र येतं, दोन्ही गोष्टी जिथे पोचतात ते. तेलुगू-इंग्रजी किंवा मराठी-इंग्रजी पुस्तकात एका अंगाची पानं उलटी धरून लिहायची, म्हणजे पुस्तक फिरवलं की दुसरी गोष्ट सुरू. मजकूर प्रत्येक पानावर एका वाक्याहून जास्त नको, तो कच्चा लिहून बाईंना दाखवलेला हवा, आणि चित्र मजकुराच्या आधी काढलेलं हवं. पुस्तकं घरी पाठवू नयेत. वर्गाच्या कपाटात ठेवावीत, मुखपृष्ठावर मुलाचं नाव आणि साल घालून. पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला तीच काढायची, आणि वाचायला ती लिहिणारी मुलंच बोलवायची.